बेवारस कॅमशाफ्टची ओळखपरेड

सावदा म्हटलं की केळी. इथल्या स्टेशनातून केळी थेट दिल्लीकडे गेली आहेत आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हा केळीपट्टा चालतो तो इंजिनांच्या जोरावर. विहिरीवरचं डिझेल इंजिन, बागेतला ट्रॅक्टर, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून माल नेणारा ट्रक, घरापुढची बुलेट. ही सगळी इंजिनं उघडणारे आणि बांधणारे हात रावेर-यावल पट्ट्यात पूर्वीपासून आहेत. त्यांच्याच गॅरेजांतून नव्या पोरांना इंजिनाचा नाद लागतो. मग कुणीतरी जुन्या गाडीचं इंजिन शर्यतीसाठी बांधायला घेतो आणि त्या शोधात एक दांडा त्याच्या हाती येतो. तेलकट, थोडा गंजलेला, वर ओळीने कॅम असलेला. सोबत ना डबा, ना चिठ्ठी, ना बिल. विकणारा एवढंच सांगतो, ‘रॅलीच्या गाडीतून निघालाय.’

असा माल मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतो, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतो, गाड्या मोडणाऱ्या कुठल्याही वाड्यात मिळतो. त्यातला एखादा दांडा खरोखर कुणीतरी हजारो रुपये मोजून घासून घेतलेला असतो. एखादा साध्या कौटुंबिक गाडीतला, झिजून गेलेला. दुरून पाहिलं तर दोन्ही सारखेच. फरक असतो मिलिमीटरच्या काही दशांश भागांचा, आणि तेवढ्यावर इंजिन नीट पळणार की पिस्टनवर व्हॉल्व्ह आपटून फुटणार हे ठरतं. म्हणून असा दांडा नीट ओळखता येणं हे मेकॅनिकच्या कामातलं फार मोलाचं कसब आहे. शिकायला ते वाटतं तितकं अवघड नाही.

आधी हा दांडा करतो काय ते पाहू. फोर स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा हे कॅमशाफ्ट ठरवतो. त्याच्यावरचा प्रत्येक कॅम अंड्याच्या आकाराचा असतो. गोल पाठ फिरत असते तोवर व्हॉल्व्ह मिटलेला राहतो, निमुळतं टोक आलं की उघडतो. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. हे प्रमाण लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे. यामाहा आरएक्स-१०० सारख्या टू स्ट्रोक गाड्यांत कॅमशाफ्टच नसतो. तिथे पिस्टन स्वतःच खिडक्या उघडतो आणि झाकतो.

कॅमशाफ्ट तयार होतो कसा, हे पाहायला सोलापूरला जावं लागेल. चादरींच्या या शहरात यतीन शहा यांनी १९९२ साली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू केली. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी इथल्या एमआयडीसींमधून तिने जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशा कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवले आणि २०१६ साली ती शेअर बाजारात आली. गिरण्या बंद पडत गेलेल्या शहरातून जगभरच्या गाड्यांच्या पोटातला इतका नाजूक भाग जातो, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

या उद्योगातला मुख्य प्रकार म्हणजे चिल्ड कास्ट आयर्न. वितळलेलं लोखंड साच्यात ओततात तेव्हा जिथे कॅम येणार तिथे साच्यात धातूचे तुकडे बसवलेले असतात. त्यांना टेकलेलं लोखंड झटकन थंड होतं आणि तिथला काही मिलिमीटरचा थर अतिशय कडक बनतो. दांड्याचा गाभा मात्र सावकाश थंड होतो, म्हणून तो तितका कडक आणि ठिसूळ होत नाही. या ओतीव दांड्याला मग ग्राइंडिंग मशीनवर नेमका आकार देतात.

म्हणजे ओतणं वेगळं आणि घासणं वेगळं. दांडा ओळखायला बसलेले बहुतेक लोक इथेच फसतात. दोन कॅमच्या मधल्या काळ्या, न घासलेल्या भागावर उठावाची अक्षरं किंवा आकडे दिसतात. ते ओतकामाचे असतात. एकाच साच्यातून निघालेले दांडे पुढे वेगवेगळ्या आकारात घासता येतात, त्यामुळे ती अक्षरं दांडा कुठल्या इंजिनात बसेल एवढंच सांगतात. कॅमचा आकार कोणता, हे कळायचा थोडा संभव असतो तो दांड्याच्या टोकावर, घासून झाल्यावर ठोकलेल्या किंवा कोरलेल्या नंबरात. तो नंबर एखाद्या नावाजलेल्या कंपनीच्या यादीत सापडला तर अर्धं काम झालं. पण नंबर ठोकल्यानंतर कुणी तो दांडा पुन्हा घासला असेल तर तोही नंबर खोटा ठरतो.

पुन्हा घासण्याची ही रीत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात फोर्डची व्ही-८ इंजिनं घेऊन शर्यती खेळणाऱ्या पोरांना रेसिंग कॅमसाठी ताटकळत बसावं लागे. त्यांच्यातलाच एक, अर्मेनियन कुटुंबातला एड इस्कंडेरियन, याने साध्या ग्राइंडिंग मशीनमध्ये फेरफार करून स्वतःच कॅम घासायला सुरुवात केली आणि पुढे त्याचं नाव अमेरिकेतल्या शर्यतींच्या जगात घरोघरी पोचलं. फोर्डच्या ओतकामाचा दांडा आणि त्यावर दुसऱ्याच कुणी दिलेला आकार, हे तेव्हापासून चालत आलंय. आपल्याकडेही जुना कॅम भरून-घासून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत.

तेव्हा अक्षरं वाचून झाली की मोजायला बसायचं.

पहिली मोजणी नुसत्या डोळ्यांनी. कॅम किती आहेत? सावद्याच्या शिवारात सापडलेल्या छोट्या दांड्यावर तीन कॅम असतील, त्यातले दोन सारखे आणि तिसरा वेगळा, तर तो शेतीच्या डिझेल इंजिनाचा असण्याची शक्यता मोठी. किर्लोस्करच्या एव्ही-१ या ५ अश्वशक्तीच्या, मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या इंजिनात दोन कॅम व्हॉल्व्हसाठी आणि तिसरा डिझेल पंप दाबण्यासाठी असतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये तर एक दांडाच नसतो. इनलेटचा कॅम वेगळा, एक्झॉस्टचा वेगळा, आणि दोघांना आपापलं गिअर. आठ कॅम म्हणजे बहुधा चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह. होंडा सिटीच्या २००० साली आलेल्या व्हीटेक इंजिनात दर सिलिंडरला इनलेटचे तीन कॅम शेजारी शेजारी दिसतात आणि मधला सर्वांत उंच असतो. वरच्या आरपीएमला तेलाच्या दाबाने तोच कामाला लागतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांच्या दांड्यावर पेट्रोल पंप हलवणारं एक जादा गोल चाक असतं, तेही मोजणीत धरून घोटाळा व्हायला नको.

आता उदाहरणादाखल मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन घेऊ. ७४ मिलिमीटर बोअर, ७५.५ मिलिमीटर स्ट्रोक. जिप्सीतही याच घराण्यातलं इंजिन आलं. रॅलीवाल्यांनी ते वर्षानुवर्षं वापरलं आणि त्याचे सुटे भाग जुन्या बाजारात अजून मिळतात. हे इंजिन आधी आठ व्हॉल्व्हचं होतं, पुढे सोळा व्हॉल्व्हचं झालं, त्यामुळे ‘एस्टीमचा कॅम’ एवढ्या शब्दांवर पैसे मोजून चालत नाही. बेअरिंगवर बसणाऱ्या गोल भागांची संख्या आणि जाडी, दांड्याची लांबी, पुली बसवायची खाच, तेलाची भोकं, डिस्ट्रिब्युटर फिरवणारं टोक हे सगळं आपल्या हेडशी ताडून पाहायचं. इथे एक गोष्ट जरी जुळली नाही तरी पुढे जाण्यात अर्थ नाही.

त्यानंतर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत ती १-३-४-२ असते. प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्ट कॅमचं टोक कुठल्या दिशेला आहे हे पाहिलं तर दांडा फिरताना ती टोकं ९०-९० अंशांवर एकामागून एक येताना दिसतात आणि क्रम वाचता येतो. पण दांडा कुठल्या बाजूने फिरतो हे आधी माहीत हवं. उलट दिशा धरून वाचलं तर १-३-४-२ चं १-२-४-३ होतं, आणि असा क्रम असलेली इंजिनं खरोखरच आहेत! इनलेट कोणता आणि एक्झॉस्ट कोणता हेही दिशेवरच ठरतं. फिरताना आधी एक्झॉस्टचं टोक येतं आणि दांड्याच्या साधारण १०० ते ११५ अंशांनंतर त्याच सिलिंडरच्या इनलेटचं.

मग लेथ. फैजपूर, भुसावळ, जळगाव कुठेही बरा लेथवाला असतो. त्याच्याकडे दांडा दोन सेंटरच्या मध्ये धरायचा, एका टोकाला ३६० अंशांची तबकडी बसवायची, शेजारी तारेचा काटा करायचा आणि कॅमवर डायल गेज टेकवायचं. प्लॅस्टिकचे दोन कोनमापक जोडूनही तबकडी होते. आधी मधल्या बेअरिंगच्या जागेवर डायल लावून दांडा सरळ आहे का ते बघायचं. काटा ०.०५ मिलिमीटरहून जास्त हलला तर दांडा वाकलाय असं समजून हात आखडता घ्यावा.

डायल कॅमच्या गोल पाठीवर ठेवून शून्य करायचं आणि दांडा इंजिनात फिरतो त्याच बाजूने हळूहळू फिरवायचा. मागेपुढे करायचं नाही. उलटं फिरवलं की जोडातली ढिलाई वाचनात घुसते. दर ५ अंशांना आकडा लिहायचा. टोकावर सर्वांत मोठा आकडा येतो, ती कॅमची उचल. समजा ६.१० मिलिमीटर आली आणि ती व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या रॉकरचं प्रमाण १.५ असेल, तर व्हॉल्व्ह ९.१५ मिलिमीटर उघडेल. त्यातून टॅपेटची फट वजा करायची.

नुसती उचल मात्र पुरेशी नाही. व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो, म्हणजे ड्युरेशन, हा रेसिंग कॅमचा खरा गुण. तो मोजायची सुरुवात कुठून करायची यावर कंपन्यांचं एकमत नाही. कॅमची चढण अगदी मंद सुरू होते, त्यामुळे उचल ०.१ मिलिमीटर असताना मोजणाऱ्याला एक उत्तर मिळतं आणि ०.१५ ला मोजणाऱ्याला दुसरं. हा गोंधळ टाळायला ५० थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलीवर मोजायचा प्रघात पडला. चढताना काटा १.२७ वर आला तो अंश लिहायचा, उतरताना पुन्हा १.२७ वर आला तो लिहायचा. दोन्हींमधलं अंतर ११२ अंश आलं तर त्याची दुप्पट, २२४, हे क्रँकच्या अंशांतलं ड्युरेशन. ढोबळमानाने सांगायचं तर साध्या गाडीचा कॅम ५० थाऊवर २०० च्या आसपास असतो, चपळ पण रोज चालवता येणारा २१० ते २३०, आणि २४० च्या पुढे गेला की तो शर्यतीखेरीज कशाच्या उपयोगाचा नसतो.

इथे एक बारकावा आहे आणि तो पुष्कळदा निसटतो. डायल गेजचं टोक बारीक असतं. इंजिनात मात्र कॅमवर सपाट टॅपेट, गोलसर रॉकर किंवा रोलर टेकलेला असतो. सर्वांत मोठी उचल दोन्हीकडे सारखीच येते, पण चढ-उताराचे अंश बदलतात. सपाट टॅपेटचा कॅम टोकदार डायलने मोजला तर ड्युरेशन खऱ्याहून कमी दिसतं. म्हणून सपाट टॅपेटसाठी डायलला सपाट टोक लावायचं, आणि रॉकरच्या इंजिनात शेवटचा आकडा दांडा हेडमध्ये बसवून, व्हॉल्व्हवर डायल लावूनच घ्यायचा.

इंजिनात बसवल्यावरचा हिशेब असा. पहिला पिस्टन टॉपवर आणून तबकडी शून्यावर लावली. इनलेट टॉपच्या ४ अंश आधी ५० थाऊवर आला आणि पिस्टन खाली गेल्यावर ४० अंशांनी पुन्हा तिथे उतरला. ४ अधिक १८० अधिक ४०, म्हणजे २२४. त्याचं अर्धं ११२, त्यातून ४ गेले की १०८. इनलेटचा मध्य टॉपनंतर १०८ अंशांवर आहे. एक्झॉस्ट तळाच्या ४४ अंश आधी उघडला आणि बरोबर टॉपवर उतरला, तर तोही २२४ आणि त्याचा मध्य टॉपच्या ११२ अंश आधी. १०८ आणि ११२ यांची सरासरी ११०. एकाच दांड्यावरच्या या दोन कॅमच्या टोकांमधला हा कोन दांडा घासतानाच कायमचा ठरतो. पुली मागेपुढे केल्याने तो बदलत नाही, म्हणून ओळख पटवायला याच्याइतका भरवशाचा आकडा दुसरा नाही.

या कोनावर इंजिनाचा स्वभाव कळतो. तो १०२-१०४ सारखा लहान असेल आणि ड्युरेशन मोठं असेल, तर इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच वेळी बराच काळ उघडे राहतात. अशी गाडी उभ्या जागी थडथडते, खालच्या आरपीएमला ओढत नाही आणि वर गेली की सुसाट सुटते. इनलेट उशिरा मिटत असल्यामुळे कमी वेगात आत घेतलेली थोडी हवा परत बाहेर जाते, म्हणून अशा कॅमला कॉम्प्रेशनही वाढवून द्यावं लागतं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर वेग टिकवून धरता येतो, तिथे हे चालतं. नाशिकच्या आसपास रॅलीसाठी वापरल्या गेलेल्या खडी-मातीच्या वळणांवर, जिथे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पुन्हा पुन्हा उचलावी लागते, तिथे हाच कॅम चालकाला रडवतो.

आता झीज. आठही कॅमची उचल मोजून एका ओळीत लिहिली की दांड्याचं आयुष्य समोर येतं. चारही इनलेट ६.०८ ते ६.१० च्या दरम्यान आले, तर तो आकडा घासणाऱ्याने दिलेला आहे असं मानायला हरकत नाही. एखादाच ५.७५ आला तर तो खाल्लेला आहे, आणि कडक थर एकदा गेला की उरलेला पुढच्या काही तासांत जातो. टोकावर बारीक खड्डे, कडेला एकाच बाजूला चकाकी, नखाला लागणारी रेघ, हे सगळं उजेडात धरून बघायचं. सपाट टॅपेटच्या कॅमवर मात्र थोडी तिरपी खूण दिसली तर दचकू नये. टॅपेट स्वतःभोवती फिरत राहावा म्हणून तो कॅम मुळातच एक-दोन थाऊ तिरपा घासलेला असतो. अशा जुन्या दांड्यासोबत त्याचेच टॅपेट, त्याच जागच्या क्रमाने मिळाले तरच तो वापरावा. वेगळ्या जागचा जुना टॅपेट त्यावर चढवला की दोघंही संपतात. टॅपेट नवे घातले तर इंजिन सुरू झाल्यापासून पहिली वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवायची, आयडलवर सोडायचं नाही, कारण कमी वेगात कॅमवर पुरेसं तेल उडत नाही.

पुन्हा घासलेला दांडाही आकड्यांतून सापडतो. नुसतं घासून टोकाची उंची वाढवता येत नाही, म्हणून उचल वाढवायला पाठ खाली घासतात. त्यामुळे मूळ दांड्यापेक्षा पाठीचा व्यास लहान आढळला की कळावं. हे काम वाईट नसतं, चांगल्या हाताचं असेल तर उत्तमच चालतं. पण पाठ खाली गेली तितकी टॅपेटची फट वाढते. रॉकरचा स्क्रू तेवढा खाली येतो का, बकेट टॅपेट असतील तर तितक्या जाड शिम मिळतात का, हे आधीच पाहावं लागतं. आणि फार खोल घासला असेल तर खालचं मऊ लोखंड वर येतं. कानशीचा कोपरा पाठीवर हलकेच ओढून बघायची जुनी पद्धत आहे. कडक कॅमवर कानस घसरते, मऊवर ती चावते.

एवढं जमल्यावर उरते ती सर्वांत महत्त्वाची तपासणी, आणि नेमकी तीच घाईत टाळली जाते. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे दोन गोळे ठेवायचे, वर तेलाचं बोट फिरवायचं, हेड बसवून क्रँक हाताने पूर्ण दोनदा फिरवायचा. कुठे अडलं तर जोर करायचा नाही. हेड काढून माती ब्लेडने कापली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात किती जागा उरते ते दिसतं. इनलेटला २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर ही नेहमीची सुरक्षित मर्यादा. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून वाढतो आणि वर येणारा पिस्टन त्याचा पाठलाग करत असतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, हेही तिथेच पाहायचं. टायमिंग बेल्ट एक दात चुकला तर काय होतं याचा अंदाज हिशेबाने येतो. ४० दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे दांड्याचे ९ अंश, क्रँकचे १८. साध्या इंजिनाला तेवढी चूक कदाचित परवडेल, मोठ्या कॅमच्या इंजिनाला नाही.

फैजपूरसारख्या गावी आता इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि देशभरातले विद्यार्थी फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी स्वतः गाडी बांधतात. तिथल्या पेट्रोल गाड्यांना सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून घ्यावी लागते. हवाच तोलून मापून मिळणार असेल तर मोठ्या ड्युरेशनचा कॅम घालून वरच्या आरपीएमची ताकद शोधण्यात हशील नाही. तिथे मध्यम कॅमच सरस ठरतो. विद्यार्थ्यांच्याच बाहा या दुसऱ्या स्पर्धेत तर आयोजकांनी ठरवून दिलेल्या इंजिनाला हातच लावता येत नाही.

शर्यतीच्या ज्या गटांत कंपनीचाच कॅम वापरायची अट असते, तिथे संशय आला की तांत्रिक परीक्षक शर्यतीनंतर इंजिन उघडायला लावतात. टॅपेट कव्हर निघतं, तबकडी लागते, डायल गेज व्हॉल्व्हवर टेकतं आणि दर काही अंशांना आकडे लिहिले जातात. मग ते गाडीच्या शर्यतीसाठीच्या नोंदणीपत्रातल्या उचलीशी ताडून पाहतात. सावद्याच्या गॅरेजवाल्याने दांडा विकत घेतानाच हे आकडे वहीत एका नंबराखाली उतरवून, दांड्याला त्याच नंबरची पत्र्याची चिठ्ठी तारेने बांधून ठेवली असेल, तर परीक्षकाने काय मोजलं हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, आणि तोच दांडा उद्या दुसऱ्याला विकताना तो त्याची ही ओळख लेखी देऊ शकतो.